भिडूवर भरवसा

मैत्रिणींनो, माहेरी आम्ही मेंढीकोट खेळायचो. मे महिन्याच्या सुटीत दुपारची जेवणं आटोपली की ओटीवर सतरंजी पडायची आणि आम्ही आत्ते-मामे भावंडं भिडू पाडून बसायचो. भिडूला डोळ्यांनी खुणवायचं, नाक खाजवायचं, खोकायचं, सगळं चालून जायचं. आजी तर पान टाकताना असा काही उसासा सोडायची की तिच्या भिडूला तिच्या हातातलं सगळं कळायचं!

लग्न होऊन अच्छाडला आले. आमचं गाव हायवेच्या काठावर, गुजरातची हद्द अगदी हाकेच्या अंतरावर. रात्रभर ट्रकांची घरघर चालू. इथं आमच्या ह्यांचा आणि त्यांच्या तीन मित्रांचा शनिवारी रात्री ब्रिजचा डाव बसतो. इतकी वर्षं माझं काम म्हणजे चहा नेऊन ठेवायचा आणि वरून बघायचं. बघून बघून खेळ बराचसा कळायला लागला. चौघं खेळणारे, समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. पण पानं खेळायच्या आधी बोली लागते. मी इतके हात करीन, अमुक हुकूम धरून करीन, असं एकेकानं सांगायचं. आणि इथंच मेंढीकोट आणि ब्रिजचा काडीमोड होतो. ब्रिजमध्ये खुणा अजिबात चालत नाहीत. भुवई उडवली तरी लबाडी. भिडूला जे सांगायचं ते फक्त बोलीतून सांगायचं, आणि त्या बोलीचा अर्थ काय हे दोघांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. शिवाय तो अर्थ समोरच्या जोडीपासून लपवायचाही नाही, त्यांनी विचारलं तर सांगायचा.

एका शनिवारी चौथे गृहस्थ आलेच नाहीत. हे म्हणाले, बस तूच. बसले. पहिल्याच डावात ह्यांनी बोली लावली, दोन किलवर. आता ह्या मंडळींनी आपसात ठरवलेलं आहे की दोन किलवर म्हणजे हातात किलवर आहे असं नाही. त्याचा अर्थ माझा हात फार जड आहे, तू काहीही करून बोलत राहा, थांबू नकोस. मला हे माहीत होतं. मी शंभरदा ऐकलं होतं. पण मी माझ्या हाताकडे बघितलं तर एक राणी नि बाकी सगळा कचरा. माझी छाती धडधडायला लागली. असला हात घेऊन पुढं कुठं जायचं? मी म्हटलं, पास. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ह्यांच्याकडे किलवरची दोनच पानं होती आणि इस्पिकचा नुसता पूर. इस्पिक हुकूम धरून दहा हात आरामात झाले असते. आम्ही किलवरमध्ये आपटलो.

हे रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले की तू तुझ्या पानांवर विश्वास ठेवलास, माझ्या शब्दावर ठेवला नाहीस. रात्री भांडी आवरताना ते वाक्य मला टोचत राहिलं. २०१८ साली जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये ब्रिजच्या पुरुष जोडीचं सुवर्णपदक आपल्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी आणलं, तेव्हा एकाचं वय साठ आणि दुसऱ्याचं छप्पन्न होतं. तेव्हा मला त्यांच्या वयाचं कौतुक वाटलं होतं. आता वाटलं, कौतुक त्या जोडीचं. इतकी वर्षं समोरच्याचे पत्ते न बघता त्याच्या शब्दावर पुढचं पाऊल टाकायचं, हे काय सोपं आहे?

दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या मीटिंगसाठी झरीच्या बाजूला जायचं होतं. झरी आमच्या तलासरी तालुक्यातलंच गाव. रिक्षातून उतरून पाड्याकडे चालताना मनात आलं, भिडूवर भरवसा म्हणजे काय हे शिकायचं तर ब्रिजच्या टेबलाशी कशाला बसायला हवं? ते याच मातीत घडलेलं आहे. ज्या बाईनं ते करून दाखवलं तिला इथली जुनी माणसं गोदाराणी म्हणायची. आपण तिला गोदावरी परुळेकर म्हणून ओळखतो.

गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ चा, पुण्यातला. माहेरचं आडनाव गोखले. वडील लक्ष्मणराव नामांकित वकील. म्हणजे घरात पैसा, पुस्तकं, प्रतिष्ठा, कशालाच कमी नाही. फर्ग्युसन कॉलेजात त्या शिकल्या आणि पुढं कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातली पहिली स्त्री कायदा पदवीधर अशी त्यांची ओळख सांगितली जाते. विचार करा, ज्या काळात मुलीला मॅट्रिक होऊ दिलं तरी मोठं वाटायचं त्या काळातली ही गोष्ट. वडिलांच्या ऑफिसात खुर्ची मांडून बसल्या असत्या तरी नाव झालं असतं. पण त्या स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरल्या आणि १९३२ मध्ये तुरुंगात गेल्या. वडिलांना हे मानवलं नाही. बाप-लेकीत अंतर पडलं आणि गोदावरीबाई घर सोडून मुंबईला आल्या.

मुंबईत त्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत दाखल झाल्या. ही गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेली संस्था. तिच्या आजीव सभासद होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मुंबईत त्यांनी साक्षरतेचं काम केलं, घरकाम करणाऱ्या नोकरमाणसांची संघटना बांधली. आपल्याकडे भांडीवाल्या बायकांनी सुटीचे दोन दिवस मागितले तरी अजून कपाळाला आठ्या पडतात. त्यांनी हे काम १९३८ च्या सुमाराला सुरू केलं होतं!

याच संस्थेत त्यांना शामराव परुळेकर भेटले. शामराव कामगारांमध्ये आणि कोकणातल्या कुळांमध्ये काम करणारे. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेत निवडून गेले होते. खोती पद्धत रद्द व्हावी म्हणून १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा जो मोठा मोर्चा मुंबईत निघाला, त्यातही ते होते. दोघांनी १९३९ मध्ये लग्न केलं. त्याच वर्षी दोघंही कम्युनिस्ट पक्षात गेले आणि जुनी संस्था सुटली. त्यांचा पक्ष कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. मला इथं दिसते ती दोन माणसांची जोडी. लग्न झालं आणि वर्ष-दीड वर्षात दोघंही तुरुंगात. युद्धाला विरोध केला म्हणून १९४० पासून १९४२ पर्यंत. नवा संसार, आणि नवरा-बायको गजांआड. घर नाही, ठेव नाही, सासर-माहेरचा आधार नाही. एकमेकांच्या शब्दाशिवाय दोघांच्याही हातात काही नव्हतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. डहाणू, उंबरगाव, पालघर, जव्हार हे तेव्हा सगळं ठाणे जिल्ह्यात. तलासरी, झरी ही गावं उंबरगाव तालुक्यात. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं. पालघर जिल्हा तर अगदी अलीकडचा, १ ऑगस्ट २०१४ चा. या सगळ्या पट्ट्यात वारली समाज पूर्वीपासूनचा. पण जमिनी गेल्या होत्या जमीनदार-सावकारांच्या हातात, आणि वारली आपल्याच जमिनीवर कूळ होऊन राबत होते. त्यावर वेठ. वेठ म्हणजे फुकटचं काम. मालकाचं बोलावणं आलं की स्वतःची लावणी टाकून जायचं. आधी मालकाचं शेत, मग आपलं. बाईनं तान्हं मूल झाडाखाली ठेवून चिखलात उतरायचं. नाही म्हटलं तर मार.

आणि लग्नगडी. हा शब्द आज ऐकला तर लग्नातला खेळगडी वगैरे वाटेल. वारली लग्न म्हटलं की आपल्याला सवाशिणींनी तांदळाच्या पिठानं रेखलेला लग्नचौक आठवतो, लग्न लावणारी धवलेरी आठवते. बाईच लग्न लावते, केवढी मानाची गोष्ट! पण त्याच लग्नासाठी शंभर-दोनशे रुपये लागायचे. ते मालकाकडून घ्यायचे आणि फेडण्यासाठी नवऱ्या मुलानं मालकाकडे राबायचं. हिशोब मालकाच्या वहीत, आणि वाचता तर कुणालाच येत नाही. कर्ज कधीच फिटायचं नाही. नवरा-बायको दोघं जन्मभराचे गुलाम. आणि त्या नव्या नवरीवरही आपलाच हक्क, असं अनेक मालक समजत. पुढचं लिहायला नको, आपण बायका आहोत, आपल्याला कळतं.

अशा माणसांनी कुणावर विश्वास कसा ठेवावा? स्वच्छ कपड्यातला माणूस पाड्यावर आला म्हणजे तो मालकाचा, नाहीतर पोलिसांचा, नाहीतर जंगलखात्याचा. आला की काहीतरी घेऊनच जाणार. त्यात ही पुण्याची शिकलेली बाई.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. परुळेकर पती-पत्नींनीच ती उभी केली होती. उंबरगाव तालुक्यातून थोडेच वारली तिथं गेले, पंधराएक असतील. त्यात माह्या धांगडा होते. हजारोंच्या समोर ते मंचावर उभे राहिले आणि आपल्या लोकांचं काय चाललंय ते आपल्या भाषेत सांगितलं. ब्रिजच्या भाषेत सांगायचं तर पहिली बोली तिकडून आली. सगळ्यात कमकुवत पानं ज्याच्या हातात, त्यानं तोंड उघडलं. आता समोरच्या भिडूनं काय करायचं? पास म्हणणं सोपं होतं. मुंबईत कामाचे ढीग पडलेले होते. पण गोदावरीबाई उठल्या आणि उंबरगावच्या पाड्यांवर आल्या.

त्या चालत फिरल्या. आजही आमच्याकडच्या काही पाड्यांवर पावसाळ्यात रिक्षा जात नाही, तेव्हा तर रस्ताच नव्हता. त्या झोपड्यांत राहिल्या, घरात जे असेल ते खाल्लं, जमिनीवर झोपल्या. आणि ऐकलं. मला हे ऐकणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आम्ही सामाजिक काम करणाऱ्या बायका पाड्यावर जातो आणि लगेच माहिती द्यायला लागतो. समोरची काय सांगते ते ऐकायचं राहूनच जातं. गोदावरीबाईंना वारल्यांची भाषा कळली, त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ कळला. आणि वारल्यांना कळलं की ही बाई जे बोलते ते करते. येईन म्हणाली की येते. भरवसा असाच लहान लहान शब्द पाळून साठतो, आपल्या गटाच्या पासबुकासारखा.

मग आली २३ मे १९४५ ची झरीची सभा. पाच हजारांच्या आसपास वारली जमले, असं सांगतात. कुठून कुठून चालत आले. तिथं जे ठरलं ते अगदी मोजक्या शब्दांत ठरलं. रोजचे बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या खाजगी शेतावर जायचं नाही. वेठ करायची नाही. कुणी अंगावर आलं तर मुकाट मार खायचा नाही. आणि सगळ्यांनी एकजुटीनं राहायचं. लक्षात ठेवायला सोपं, अर्थात गोंधळ नाही. भिडूंनी आपसात ठरवलेली बोली अशीच असायला हवी, नाही का?

पण मैत्रिणींनो, इथं एक गोष्ट बघा. सभा झाली, लाल झेंडा फडकला, सगळे आपापल्या पाड्यावर गेले. आता पाळायचं कुणी? प्रत्येक वारल्याला दुसऱ्या दिवशी मालकाच्या दारात एकट्यानं उभं राहायचं होतं. डोंगरापलीकडच्या पाड्यावरचा माणूस कामावर गेला की नाही हे याला दिसत नव्हतं. मी नाही म्हटलं आणि तो हो म्हणाला, तर मार एकट्या मलाच. समोरचे पत्ते दिसत नसताना बोली लावायची ती ही. आणि गोदावरीबाईंना तरी काय दिसत होतं? शेकडो वर्षं मान खाली घालून राहिलेली माणसं उद्या मान वर करतील, याची खात्री कशाच्या जोरावर? पुण्या-मुंबईचे शहाणे लोक म्हणायचेच, हे लोक आळशी, दारुडे, यांच्या शब्दाला काय किंमत. गोदावरीबाईंनी किंमत दिली.

आणि लोकांनी शब्द पाळला. पाड्यापाड्यातून लोक मालकांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना सोडवून घेऊन आले. थोड्याच काळात ती पिढ्यान् पिढ्यांची पद्धत मोडली. कुठला कायदा येऊन मोडली नाही, एकमेकांच्या भरवशावर मोडली. त्या वर्षी किती सुनांनी पहिल्यांदा आपल्या स्वतःच्या घरात चूल पेटवली असेल, याचा मी नेहमी विचार करते.

पुढं ऑक्टोबरात गवत कापणीचा हंगाम आला. इथलं गवत तेव्हा मुंबईच्या तबेल्यांकडे जायचं. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळाले पाहिजेत, अशी मागणी करून वारल्यांनी संप केला. मालकांच्या लक्षात आलं की ही एकी मारानं मोडणार नाही. मग त्यांनी वेगळाच डाव टाकला, आणि तो मला सगळ्यात भयंकर वाटतो.

१० ऑक्टोबर १९४५. तलवाडा इथं गोदावरीबाईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी काठ्या घेऊन त्यांच्या रक्षणाला या, असा निरोप पाड्यांवर फिरवण्यात आला. निरोप साफ खोटा होता. गोदावरीबाई तिथं येणारच नव्हत्या, त्यांना पत्ताही नव्हता. भिडूच्या नावानं बोली दुसऱ्याच कुणी लावली होती. हजारो वारली हातातलं काम टाकून धावले. इकडे पोलिसांना सांगण्यात आलं की वारली हत्यारं घेऊन जमलेत, आता दंगा होणार. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण, असे पाच वारली मेले. तरी लोक झेंडा सोडून लवकर हलेनात. आपली बाई संकटात आहे, तिला टाकून कसं जायचं?

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, बघा, एवढा भरवसा ठेवला म्हणून फसले. आज तसं वाटत नाही. त्यांचा भरवसा चुकीच्या माणसावर नव्हता. ज्यांना तसा भरवसा कधी कुणाचा कमावता आला नाही, त्यांनी तो चोरून वापरला. पण यातून एक धडा मात्र घ्यायलाच हवा. जिच्यावर आपला फार विश्वास आहे तिच्या नावानं निरोप आला तर तो तिचाच आहे ना, हे आधी बघावं. आज तर मोबाईलवर कुणाच्याही नावानं, कुणाच्याही आवाजात काहीही येतं. आमच्या गटातल्या एका ताईला तिच्या भावाच्या नावानं पैशाचा मेसेज आला आणि तिनं तो पाठवलासुद्धा. भावाला फोन करून विचारलं असतं तर? विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. ब्रिजमध्येही भिडूंच्या खुणा आधी ठरतात त्या याचसाठी.

गोळीबारानंतर सरकारनं गोदावरीबाई आणि शामराव दोघांनाही जिल्ह्यात यायची बंदी केली. आता मालकांना वाटलं, संपलं. बोलणारेच गेले, हे अडाणी लोक काय करणार? इथं मला ब्रिजमधला डमी आठवतो. बोली संपली की जिंकलेल्या जोडीतला एक भिडू आपली सगळी पानं टेबलावर उघडी मांडतो आणि गप्प बसतो. पुढचा सगळा डाव त्याचा भिडू एकटा खेळतो. डमीनं एक शब्द बोलायचा नाही, हे पान टाक म्हणून सुचवायचं नाही. गोदावरीबाईंनी आपल्याजवळचं होतं ते सगळं आधीच मांडून ठेवलं होतं. आता त्या हद्दीबाहेर, आणि इथं वारल्यांनी संप स्वतः चालवला. पाड्यापाड्यातून त्यांच्यातलेच पुढारी उभे राहिले. गोळीबारानंतरही कामावर कुणी गेलं नाही, आणि शेवटी मालकांना मजुरी वाढवून द्यावी लागली. आपण नसताना आपली माणसं डाव नीट खेळतील, हा विश्वास ठेवणं सगळ्यात अवघड. मुलीला हॉस्टेलवर ठेवून परत येणाऱ्या आईला विचारा.

पुढची वर्षं भराभर सांगते. स्वातंत्र्य आलं, तरी या दोघांचे तुरुंग आणि भूमिगत राहणं सुटलं नाही. गोदावरीबाईंनी एकूण जो तुरुंगवास भोगला त्यावर त्यांनी 'बंदिवासाची आठ वर्षे' हे पुस्तक लिहिलं, त्या नावावरूनच काय ते समजा. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शामराव ठाण्यातून लोकसभेत निवडून गेले. १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या काळात कम्युनिस्टांची धरपकड झाली तेव्हा दोघांना पुन्हा स्थानबद्ध केलं. आणि ऑगस्ट १९६५ मध्ये शामराव तुरुंगातच वारले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्यातला एकत्र काढलेला काळ किती, आणि गजांमागे किंवा लपून काढलेला किती, याचा हिशोब कोण मांडणार? गोदावरीबाई तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी उभ्या, आणि त्याही कैदेतच होत्या.

समोरची खुर्ची रिकामी झाली. अशा वेळी बाईनं पुण्याला परत जावं, नातेवाइकांत राहावं, देवधर्म करावा, असंच कुणालाही वाटेल. सुटल्यावर त्या पुन्हा आपल्या या मुलखात आल्या. शामरावांबरोबर जे ठरलं होतं ते ठरलं होतं. भिडू उठून गेला म्हणून ठरलेल्या बोलीचा अर्थ बदलत नाही. त्यानंतर त्या एकतीस वर्षं जगल्या, आणि ती सगळी वर्षं काम केलं. १९७० मध्ये 'जेव्हा माणूस जागा होतो' हे त्यांचं पुस्तक आलं. वारल्यांच्या त्या लढ्याची हकिकत त्यात आहे. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. कायदा शिकलेल्या बाईनं लिहिलेलं, पण शाळेत फार न गेलेल्या बाईला वाचून दाखवलं तरी कळेल असं आहे. आदिवासी प्रगती मंडळातर्फे मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहं उभी राहिली. तलासरीच्या कॉलेजला आज गोदावरी शामराव परुळेकर असं नाव आहे. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. तेव्हा त्यांचं वय होतं अठ्ठ्याहत्तर!

८ ऑक्टोबर १९९६ ला गोदावरीबाई गेल्या. तलवाड्याच्या हुतात्म्यांचा दिवस अवघा दोन दिवसांवर होता. तो दिवस आजही इकडे पाळला जातो. १० ऑक्टोबरला आमच्या हायवेवरून झेंडे घेतलेल्या बायका टेंपोतून जाताना दिसतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या आज्या-पणज्या लग्नगड्यांच्या बायका असतील.

त्या दिवशी झरीच्या बाजूच्या मीटिंगमध्ये काय झालं ते सांगून थांबते. गटातली एक बाई कर्ज घेऊन नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली होती. मुकादमाची उचल आधीच अंगावर होती, म्हणजे नव्या काळातलं लग्नगडीपणच म्हणा. दोन हप्ते चुकले होते. बायका कुरकुरत होत्या, ही काही परत येत नाही, हिचे हप्ते आपण का भरायचे? खरं सांगते, मीही मनातून तेच म्हणत होते. माझ्या हातात जी पानं दिसत होती त्यावरून तेच दिसत होतं. पण गटाची अध्यक्ष, अंगठा सोडून सही करायला नुकतीच शिकलेली, ती म्हणाली की जाताना तिनं मला शब्द दिलाय, होळीला येईन म्हणून. चार वर्षं ती दर महिन्याला आलीय. होळीपर्यंत तिचा हप्ता मी भरते.

मी गप्प बसले. आदल्या रात्री पास म्हटलं होतं ते आठवलं.

होळीला ती आली. सगळे पैसे नव्हते, निम्मे होते. मुकादमानं हिशोबात खाल्ले म्हणाली. पण आली, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पदरातून नोटा सोडून खाली ठेवल्या. उरलेले पावसाळ्यापर्यंत फेडीन म्हणाली. ह्यावेळी हप्ता भरायला चार जणी पुढं आल्या.

मैत्रिणींनो, भिडू फक्त नवराच असतो असं नाही. सासू, जाऊ, शेजारीण, गटातली बाई, पाड्यावरून भांडी घासायला येणारी ताई, सगळ्या कधी ना कधी आपल्या समोरच्या खुर्चीवर बसतात. त्यांची पानं आपल्याला दिसत नाहीत. दिसतो तो त्यांचा शब्द, आणि आजपर्यंत तो त्यांनी किती पाळला ते. तेवढ्यावर एक बोली पुढं जायचं की आपल्याच हाताकडे बघून पास म्हणायचं, हे आपण ठरवायचं असतं. आणि आपला शब्दही तितकाच खरा ठेवायचा, हे ओघानं आलंच.

गेल्या शनिवारी चौथे गृहस्थ पुन्हा आले नाहीत. ह्यांनी बोली लावली, दोन किलवर. माझ्या हातात ह्यावेळी राणीसुद्धा नव्हती. मी म्हटलं, दोन चौकट. आमच्या खुणेत त्याचा अर्थ एवढाच, की माझ्याकडे काही नाही, पण मी ऐकतेय, पुढं बोला.